मोड पाहून घेतलेले कांद्याचे बी

अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यात आमची थोडी ओलिताची जमीन असून दरवर्षी दीड एकरावर आम्ही उन्हाळी कांदा घेतो. बी शक्यतो घरचेच असते. मागील वर्षी मात्र बियाण्याचा कांदा फुलावर असताना अवकाळी पावसाने तो झोडपला, आणि कांद्याचे बी जेमतेम वर्षभरच भरवशाने उगवत असल्यामुळे डब्यातले जुने बी कामाचे नव्हते.

नवरात्रात एक मालवाहू गाडी गावात आली. गाडीवाल्याने आपण नाशिककडील शेतकरी असल्याचे सांगितले; त्याच्याजवळ सुट्टे बी होते आणि भाव दुकानापेक्षा किलोमागे ५०० रुपयांनी कमी होता. मी का-कू करू लागलो तेव्हा त्याने ओल्या फडक्यातले मोड आलेले दाणे दाखवले, वर मला १०० दाणे मोजून दिले आणि "दादा, घरी उगवून पाहा, पैशांची घाई नाही," असे म्हणून तो निघून गेला. आठ दिवसांनी तो खरोखरच परत आला. तोपर्यंत ओल्या गोणपाटात ८६ दाणे उगवले होते. आईने त्याला चहा केला आणि मी पाच किलो बी घेतले. पैसे त्याने आपल्या भाच्याच्या म्हणून सांगितलेल्या खात्यावर फोनवरून घेतले. पावती मागण्याचे मला सुचलेही नाही.

माझी चूक इथेच झाली. उगवणीवरून बी जिवंत आहे एवढेच कळते, ते कोणत्या जातीचे आहे हे कळत नाही. पावसाळी कांद्याचे बी आणि साठवणीच्या उन्हाळी कांद्याचे बी तळहातावर शेजारी शेजारी ठेवले तरी दोन्ही सारखेच काळे दिसते.

रोप उत्तम आले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लागवड झाली. फेब्रुवारीअखेर वाफ्यावाफ्यांतून डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, डोके वर काढू लागले, तेव्हा मी त्याला फोन केला. थंडीमुळे असे होते, असे त्याने सांगितले. हे अगदीच खोटे नाही, म्हणून मी आणखी महिनाभर गप्प राहिलो. परंतु त्याच आठवड्यात लागवड केलेल्या शेजारच्या काकांच्या घरच्या बियाण्याच्या कांद्यात डेंगळे मोजण्याइतकेच होते. पुढे त्याचा फोन लागेनासा झाला.

एप्रिलमध्ये निम्म्या माना पडल्या, म्हणजे पात कांद्याच्या वरच्या टोकाशी वाकून आडवी झाली, की कांदा काढायचा, हा आमचा नेहमीचा नियम. या कांद्याच्या माना जाड राहिल्या आणि पडेचनात. काढल्यावर जोड कांदा इतका निघाला की निवडणाऱ्या बायाही थकल्या. काढणीच्या दोन आठवडे आधी पाणी तोडणे, पातीसकट तीन-चार दिवस सुकवणे, इंचभर मान ठेवून पात कापणे, मग सावलीत ढीग लावणे, यांपैकी काहीच मी चुकवले नव्हते. तरीही जाड मान आतून ओलीच राहते आणि सड तिथूनच शिरते. जो कांदा दिवाळीपर्यंत टिकायला हवा होता, त्यातील निम्म्याहून अधिक जुलै संपायच्या आत चाळीतून, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरातून, उपसून उकिरड्यावर टाकावा लागला. उरलेल्याला कोंब फुटत असल्यामुळे व्यापारी सांगेल त्या भावाला तो द्यावा लागला.

कृषी कार्यालयात तक्रार घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न पावतीचा आणि दुसरा पिशवीचा निघाला. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते, पण त्यासाठी पीक उभे असावे लागते. मी गेलो तेव्हा शेत नांगरून झाले होते. म्हणून ज्यांच्या शेतात असे दिसेल त्यांनी काढणीची वाट न पाहता डेंगळे दिसताच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते. त्यावर वाण, लॉट क्रमांक आणि मुदत असते. ते लेबल, रिकामी पिशवी, लॉट क्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि मूठभर बी पीक विकून होईपर्यंत जपून ठेवावे. घरचे बी ओळखीच्या माणसाकडून घ्यायचे झाल्यास त्याचा मागच्या हंगामातला कांदा चाळीत जाऊन, शक्यतो ऑगस्टमध्ये, पाहून यावा.

गेल्या आठवड्यात बाळापूरकडचे पाहुणे आले होते. त्यांच्या गावातही एक गाडीवाला १०० दाणे मोजून देऊन गेला असून तो या आठवड्यात परत येणार आहे.