प्रायमरच्या टंचाईत गेलेले साडेआठशे डॉलर

पैसे गेले त्याला आता काही वर्षं झाली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण बंदुकीचा विषय काढला की आपल्यातले निम्मे लोक तोंड फिरवतात आणि उरलेले वाद घालायला बसतात. पण गेल्या महिन्यात डॅलसकडच्या एका मराठी मित्राने एका साइटची लिंक पाठवली आणि विचारलं, "ही साइट बरी आहे का रे? पावडर मिळते आहे म्हणतात." पावडर म्हणजे काडतुसात भरायची दारू. मी साइट उघडली आणि पोटात गोळा आला. अमेरिकेत राहून ज्यांना नेमबाजीची हौस लागली आहे, जे घरी काडतुसं भरतात, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

माझं गाव कुडाळ तालुक्यातलं. आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीत आलं की रात्री डुकरं उतरायची. नळीत दारू ओतायची, वर काथ्या ठासायचा, मग छरे, पुन्हा काथ्या आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. केप म्हणजे तांब्याची एवढीशी टोपी. "केप सादळली तर बंदूक म्हणजे नुसतो दांडो," असं आजोबा म्हणायचे. पावसाळ्यात त्या केपांची डबी ते चुलीवरच्या फळीवर, पण आचेपासून लांब ठेवायचे. आम्हा मुलांना तिला हात लावायची परवानगी नव्हती.

प्रायमर म्हणजे तीच केप, फक्त काडतुसाच्या बुडात बसवलेली. घरी काडतूस भरायला चार वस्तू लागतात: पितळी केस (काडतुसाचं कवच), प्रायमर, पावडर आणि बुलेट, म्हणजे पुढची गोळी. केस पुन्हा पुन्हा वापरता येते. शिसं ओतून बुलेट घरी करणारे लोक आहेत. प्रायमर मात्र कारखान्यातूनच यावा लागतो, आणि अमेरिकेत ते बनवणारी मोठी नावं बोटांवर मोजण्याइतकी: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. त्यातल्या रेमिंग्टनने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

मी ऑस्टिनजवळ राहतो. इथे एच-वन व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला काही अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी फक्त वाचत होतो. मग .३०८ विंचेस्टर हे काडतूस चालणारी एक रायफल घेतली, काडतुसं भरायचा साधा हातदाब (सिंगल स्टेज प्रेस) घेतला आणि शनिवारची सकाळ त्यात जाऊ लागली. एका पौंडात ७००० ग्रेन. पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलायची, प्रत्येक केस बोटाने चाचपून बघायची, वहीत नोंद करायची. आपल्या हाताने भरलेल्या पाच काडतुसांची पाच छिद्रं कागदावर एकमेकांना चिकटून आली की जे समाधान मिळतं, ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण फसवणारा नेमका अशा माणसाच्या शोधात असतो. ज्याला त्या वस्तूची ओढ आहे आणि ती कुठेच मिळत नाही, असा माणूस.

२०२० मध्ये ती खरंच कुठे मिळत नव्हती. गावी निवडणूक लागली की आचारसंहितेच्या मागोमाग पोलिसांची नोटीस यायची आणि आजोबा बंदूक ठाण्यात जमा करून पावती घेऊन यायचे. अमेरिकेत याच्या बरोबर उलट घडतं. निवडणूक आली, नवे निर्बंध येतील अशी हवा सुटली, की लोक दुकानाकडे धावतात. त्या वर्षी महामारी होती, रस्त्यांवर दंगली होत्या आणि वर अध्यक्षपदाची निवडणूक. बंदूक खरेदीशी संबंधित ज्या चौकशा एफबीआयच्या यंत्रणेतून होतात, त्या त्या एका वर्षात जवळजवळ ३ कोटी ९७ लाख झाल्या. नवी बंदूक घेणाऱ्याला काडतुसं हवीतच. कारखान्यांनी प्रायमर तयार काडतुसांकडे वळवले आणि आमच्यासारख्यांसाठी दुकानांतली फळी रिकामी झाली. पूर्वी हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरला मिळायचे. खासगीत विकणारे आता शंभराच्या पुढे सांगू लागले.

जानेवारी २०२१ च्या शेवटी माझ्याकडे शंभरही प्रायमर उरले नव्हते. रात्री अकराच्या सुमारास शोधता शोधता एक साइट सापडली. माजी सैनिकाचं कुटुंब चालवतं असं लिहिलेलं, आयडाहोमधला पत्ता, पायरीवर बसलेल्या कुटुंबाचा फोटो, खाली पन्नासेक अभिप्राय. लार्ज रायफल प्रायमर, हजाराला ५८ डॉलर, घरपोच, पोचवण्याचा खर्च शून्य. वीस डॉलर लिहिलं असतं तर मी बंद करून झोपलो असतो. ५८ ही किंमत विचारपूर्वक ठरवलेली होती: टंचाईच्या भावापेक्षा कमी, जुन्या भावापेक्षा जास्त. प्रामाणिक दुकानदार लावेल तशी. मी पाच हजार प्रायमर आणि आठ पौंड पावडरचा डबा घेतला. एकूण ४९० डॉलर.

पैसे द्यायच्या पानावर कार्डाचा पर्याय नव्हता. बँकेच्या ॲपमधून थेट पाठवा किंवा बिटकॉइनमध्ये द्या. आणि का, तेही तिथे लिहिलेलं होतं: बँका आणि कार्ड कंपन्या बंदूकधारकांच्या विरोधात गेल्या आहेत, नवं सरकार आलं आहे, तुमच्या खरेदीची यादी कोणाच्या हाती पडू नये म्हणून आम्ही कार्ड घेत नाही, तुमची खासगी माहिती जपणं आमचं कर्तव्य आहे.

मला हे पटलं. यातली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी होती, म्हणूनच पटलं. २०१३ मध्ये न्याय खात्याने 'ऑपरेशन चोक पॉइंट' सुरू केलं होतं, त्यात बँकांवर काही धंद्यांच्या बाबतीत दबाव आला आणि शस्त्रविक्रेत्यांनी आपली खाती बंद झाल्याच्या तक्रारी केल्या. पेपालच्या नियमांत बंदुका आणि काडतुसांच्या व्यवहाराला मनाई आहेच. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकधारकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला बंदी घातली, ती याच भीतीतून. २०१२ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने परवानाधारकांची नावं आणि पत्ते नकाशावर छापले, तेव्हा उठलेलं वादळ अनेकांना आठवत असेल. आमच्या नेमबाजीच्या क्लबात या गोष्टी चहा-कॉफीबरोबर रोज निघतात. माझ्या मनात आधीपासून असलेली भीतीच त्या माणसाने पुढे ठेवली आणि तिचाच आधार देऊन मला परत न येणाऱ्या मार्गाने पैसे पाठवायला लावले. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "कार्डाने देता येत नसेल तर नको घेऊस." मी तिला पाच मिनिटं राजकारण समजावून सांगितलं आणि पैसे पाठवले.

त्या वेळी एकच गोष्ट आठवायला हवी होती. ज्या जुन्या, नावाजलेल्या दुकानांतून मी आधी माल घेतला होता, ती सगळी कार्ड घेत होती.

दुसऱ्या दिवशी ईमेल आला. स्फोटक वर्गातला माल असल्यामुळे वय आणि ओळख तपासायची आहे, ड्रायव्हिंग लायसन्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. पाठवले. मग एक प्रेमळ चौकशी: तुमच्याकडे कोणकोणत्या कॅलिबरच्या (नळीच्या मापाच्या) बंदुका आहेत ते कळवा, माल आला की आधी तुमच्यासाठी राखून ठेवू. मी तेही लिहून दिलं. इथे थांबून सांगतो, केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रायमर घ्यायला परवाना लागत नाही, पार्श्वभूमीची तपासणीही होत नाही. काही राज्यांचे नियम वेगळे असतील, ते आपापले बघावेत. पण आपल्या घरात कोणती शस्त्रं आहेत याची यादी टेक्सासमध्ये कुठल्याही दुकानदाराला प्रायमर विकण्यासाठी लागत नाही.

चार फेब्रुवारीला पार्सलचा क्रमांक आला, टपाल खात्याचा. त्याबरोबर आणखी एक मागणी: वाहतूक कंपनी धोकादायक मालावर विमा मागते आहे, ३६० डॉलर, माल ताब्यात मिळाला की लगेच परत. हे पैसे मी पाठवले, कारण ४९० आधीच अडकले होते. पहिली रक्कम बुडू नये म्हणून माणूस दुसरी देतो, आणि त्या लोकांना हे पक्कं माहीत असतं.

मग १५ फेब्रुवारी आली. टेक्सासमध्ये ती थंडीची लाट ज्यांनी काढली त्यांना तारीख सांगावी लागणार नाही. पहाटे वीज गेली, नंतर पाणी गेलं, आम्ही तिघं एका खोलीत सगळ्या गोधड्या घेऊन बसलो. फोन गाडीत चार्ज करत होतो. त्यात त्यांचा संदेश आला: वादळामुळे ट्रक अडकले आहेत, तुम्ही सुखरूप आहात ना, आम्ही तुमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करतो. मला बरं वाटलं होतं. या सगळ्या प्रकरणात आजही सर्वांत जास्त संताप येतो तो याच संदेशाचा.

मार्चच्या पहिल्या शनिवारी रेंजवर क्लबातल्या एका वयस्कर गृहस्थांना मी सहज सांगितलं की प्रायमर टपालात अडकलेत. चाळीस वर्षं काडतुसं भरणारा माणूस. त्यांनी हातातली वही मिटली आणि विचारलं, "टपालाने? हॅझमॅटचे किती घेतले?" मी म्हटलं, काहीच नाही. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

प्रायमर आणि पावडर टपालाने पाठवायला बंदी आहे. ती खासगी वाहतूक कंपन्यांकडून, जमिनीवरूनच येतात, आणि त्यावर धोकादायक मालाचं, म्हणजे हॅझमॅटचं, वेगळं शुल्क पडतं. ते चुकत नाही म्हणून तर आम्ही मित्र मिळून एकत्र ऑर्डर देतो, म्हणजे शुल्क वाटून जातं. हे मला माहीत होतं. पूर्वी मी स्वतः ते शुल्क भरलेलं होतं. आता एखादं दुकान सणासुदीला सवलत म्हणून ते शुल्क माफ करतं, पण तसं असेल तर ते ठळक जाहीर करतं. अनोळखी साइट, त्या शुल्काचा उल्लेखच नाही आणि क्रमांक टपाल खात्याचा, असं दिसलं की तिथेच थांबा.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी त्यांच्या ट्रकात बसून फोनवर बाकीचं शोधलं. साइटचं नाव डिसेंबरमध्येच नोंदवलेलं होतं, आणि अभिप्राय होते २०१७ पासूनचे. आयडाहोचा पत्ता नकाशावर टाकला तर एक साधं राहतं घर निघालं. त्या घरातल्या लोकांना बिचाऱ्यांना याची गंधवार्ता नसणार. प्रायमरच्या खोक्यांचा फोटो दुसऱ्या कोणीतरी आपल्या कपाटाचा म्हणून आधी टाकलेला होता. हे सगळं बघायला वीस मिनिटं लागली.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या परवानगीशिवाय गेले असते तर गोष्ट वेगळी होती. क्रेडिट कार्ड असतं तर न आलेल्या मालाबद्दल कायद्याने वाद उपस्थित करता आला असता. मी एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवली, काउंटीच्या शेरीफकडे रिपोर्ट केला आणि माझ्या नावावर कोणी कर्ज काढू नये म्हणून तिन्ही क्रेडिट संस्थांकडची माझी नोंद गोठवून घेतली, कारण लायसन्सचा फोटो बाहेर होता. पैसे परत आले नाहीत. ८५० डॉलर, तेव्हाच्या भावाने बासष्ट हजार रुपये.

एप्रिलमध्ये आणखी एक ईमेल आला, या वेळी एटीएफच्या, म्हणजे शस्त्रं आणि स्फोटकांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या नावाने. तुमच्या नावावर बेकायदा स्फोटकांचं पार्सल जप्त झालं आहे, कारवाई टाळायची असेल तर दंड भरा. खाली अधिकाऱ्याचं नाव, बिल्ल्याचं चित्र. सरकारी खातं असं ईमेल करून दंड गोळा करत नाही हे कळत होतं, तरी हात कापले. परदेशातून आलेल्या माणसाच्या मनात कागदपत्रांची धास्ती असतेच. मी उत्तर दिलं नाही, तो ईमेल तक्रारीला जोडला.

पैशाचं दुःख सहा महिन्यांत ओसरलं. दुसरं ओसरलं नाही. माझं नाव, पत्ता, फोटो आणि घरातल्या बंदुकांची यादी कुणा अनोळखी माणसाकडे आहे. २०२२ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याकडून शस्त्र परवानाधारकांची माहिती उघड झाली, सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची, तेव्हा क्लबातले सगळे चिडले होते. मी गप्प बसलो होतो. त्यानंतर मी जमिनीत बोल्ट मारलेली तिजोरी बसवून घेतली, कुलपं बदलली. मुलगी घरी एकटी असली की अजून मी दोनदा फोन करतो.

आता टंचाई पावडरची आहे. युक्रेनच्या युद्धापासून नायट्रोसेल्युलोज तोफगोळ्यांकडे वळलं आणि हौशी लोकांच्या वाट्याला डबे कमी येऊ लागले. मित्राने पाठवलेल्या साइटवर नाव वेगळं होतं, पत्ता मोंटानाचा होता, पण पायरीवर बसलेलं कुटुंब तेच. कार्ड न घेण्याचं कारणही तेच, फक्त त्यात नवी भर होती: २०२२ मध्ये बंदुकीच्या दुकानांसाठी कार्ड व्यवहारांत वेगळा क्रमांक मंजूर झाला, त्याचा उल्लेख. तो क्रमांक खरा आहे. म्हणूनच तो तिथे घातला आहे.

मी लगेच मित्राला फोन लावला. सगळं सांगितलं, हॅझमॅटचं, टपालाचं, विम्याचं. तो मध्ये काही बोलला नाही. मग म्हणाला, "विम्याचे पैसे आज पाठवणार होतो."

मी म्हटलं, पाठवू नकोस.

"नाही पाठवत," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "लायसन्सचा फोटो मात्र परवाच दिला रे."