प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, आठ महिन्यांनंतर: सोमवारपर्यंत रेंगाळणारा बॅकअप आता तासाभरात

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, ते आठ महिने वापरून हे लिहितोय. आधी आमचा सेटअप सांगतो, म्हणजे तुमच्याशी जुळतो का ते कळेल. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणारी मध्यम कंपनी, आयटीत आम्ही अडीच माणसं (अर्धा म्हणजे ट्रेनी, तो सीसीटीव्ही पण बघतो), तीन होस्टवर (मोठे सर्व्हर) साठेक व्हीएम (त्यांच्यात चालणारी व्हर्च्युअल मशीन), सगळा मिळून २६ टीबी डेटा. त्यात ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार चालतो ते सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे डेटाबेस, आणि डिझाइनवाल्यांचा फाइल सर्व्हर हे दोघं मोठे, बाकी सगळी चिल्लर.

याआधी लायसन्सवालं एक सॉफ्टवेअर होतं, नाव घेत नाही. शुक्रवारी रात्री नऊला फुल बॅकअप सुरू व्हायचा आणि सोमवारी दुपारी अडीच-तीनला संपायचा. सोमवारी साडेनऊच्या ठोक्याला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन ठरलेला, "अहो आज परत स्लो आहे". व्हेंडरला विचारलं तर तो म्हणाला वरचं एडिशन घ्या, त्यात स्पीड आहे. मी पण जवळपास पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायला निघालो होतो, मग एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. नेटवर्क एक गिगाबिटचं, त्यातून खरे मिळतात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, २६ टीबीला भागा, ६५ तास. शुक्रवार रात्री नऊ अधिक ६५ तास म्हणजे सोमवार दुपार. म्हणजे ते बिचारं सॉफ्टवेअर पाइप जेवढा आहे तेवढा पूर्ण भरत होतं! वरचं एडिशन घेतलं असतं तरी वायर तीच राहिली असती.

त्याआधी दोन नेटवर्क लिंका बाँड करून (एकत्र जोडून) बघितल्या होत्या, उपयोग शून्य, कारण एक कनेक्शन एकाच लिंकवरून जातं, एका मोठ्या व्हीएमला दुसऱ्या लिंकचा काही फायदा नाही. शेवटी १० गिगाबिटची कार्डं आणि एक छोटा स्विच घेतला, बॅकअपचं नेटवर्क वेगळं केलं, आणि एक जुना सर्व्हर धुळीतून उचलून त्यात आठ हार्ड डिस्कचा झेडएफएस पूल (सगळ्या डिस्क मिळून एकच साठा) करून प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाकलं. सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स, सबस्क्रिप्शन घ्यायचं तर घ्या. होस्ट आमचे आधीपासून प्रॉक्समॉक्सच्याच व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर (प्रॉक्समॉक्स व्हीई) होते त्यामुळे जोडणं दहा मिनिटांचं काम.

पहिला फुल बॅकअप २२ तासात झाला. १० गिगाबिट असून सेकंदाला जेमतेम ३३० एमबी, म्हणून जरा हिरमुसलो. मग बॅकअप क्लायंटमधली बेंचमार्क कमांड चालवली, ती तुमच्या मशीनचे आकडे रायझन ७ २७०० एक्स प्रोसेसरशी तुलना करून टक्क्यात दाखवते. आमचे झिऑन (इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर) जुने, एसएचए-२५६ च्या (हॅश, म्हणजे डेटाचा ठसा काढायची पद्धत) रांगेत अगदीच केविलवाणे आकडे. प्रत्येक ४ एमबीच्या तुकड्याचा हॅश होस्टच काढतो आणि या पिढीच्या झिऑनमध्ये त्यासाठीच्या खास इन्स्ट्रक्शन नाहीत, त्यामुळे नेटवर्क मोकळं आणि प्रोसेसर धापा टाकतोय. हे आधी माहीत असतं तर होस्टच्या बजेटसाठी तेव्हाच भांडलो असतो.

पण खरी मजा दुसऱ्या रात्रीपासून. व्हीएम चालू असताना कुठले ब्लॉक बदलले त्याची नोंद क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) ठेवतो, डर्टी बिटमॅप म्हणतात, त्यामुळे रात्री फक्त बदललेलं वाचायचं आणि पाठवायचं. आमचं रोजचं बदललेलं ६५० जीबीच्या आसपास, ५० मिनिटांत काम खलास. स्पीड बघाल तर सेकंदाला २२० एमबी, म्हणजे पहिल्या रात्रीपेक्षा कमीच! वेळ वाचला तो डेटा हलवलाच नाही म्हणून.

आता यातली गोम. हा बिटमॅप व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू केला की जातो (आतून रीस्टार्ट केला तर राहतो). मग त्या रात्री सगळी डिस्क परत वाचून हॅश काढावे लागतात, जातं फक्त बदललेलंच पण वाचायला तोच वेळ. आमच्याकडे गुरुवार म्हणजे लाईटच्या मेंटेनन्सचा वार. पहिल्या महिन्यात एका गुरुवारी जनरेटर रुसला, यूपीएसने दम तोडायच्या आत सगळे व्हीएम बंद केले, आणि शुक्रवारी सकाळी आठला बघतो तर बॅकअप अजून चालूच. मला वाटलं काहीतरी बिघडलं, ट्रेनीवर उगाच ओरडलो. नंतर त्याला चहा पाजला.

दुसरं, ६५० जीबी हा आकडा सुरुवातीला १.१ टीबी होता. शोधल्यावर कळलं की एसक्यूएल सर्व्हर रोज रात्री स्वतःचा कॉम्प्रेस केलेला डंप (डेटाबेसची अख्खी कॉपी) डी ड्राइव्हवर टाकतो, तो रोज नवीन आणि डीडुप्लिकेट (सारखे तुकडे एकदाच साठवणं) अजिबात होत नाही. डंपची डिस्क वेगळी करून ती या बॅकअपमधून वगळली, डंप दुसरीकडे कॉपी होतात. शिवाय एका जुन्या विंडोज सर्व्हरवर दर रविवारी डीफ्रॅग चालायचं, ब्लॉक इकडचे तिकडे, की बिटमॅपच्या दृष्टीने अख्खी डिस्क बदलली. ते बंद केलं. या दोन गोष्टींना शून्य रुपये लागले आणि फरक १० गिगाबिटच्या कार्डांइतकाच पडला, हे साहेबांना मात्र अजून सांगितलेलं नाही.

फाइल सर्व्हरचं वेगळं सांगायला हवं कारण बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं. ३८ लाख फाइली, बहुतेक छोट्या, जुना एजंट एकेक फाइल उघडून तारीख बघायचा, बदललेलं काही असो नसो चालणंच सहा-सात तास. आता ब्लॉकच्या पातळीवर बॅकअप होतो, फाइली ३८ लाख की ३८ याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आणि तरी एकच फाइल परत काढता येते. डिझाइनच्या एकाने फिक्स्चरचं फोल्डर उडवलं होतं, दहा मिनिटांत वेब स्क्रीनवरून काढून दिलं.

तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीतून तक्रार आली की दीडच्या सुमाराला बारकोड स्कॅन अडकतं. ते खरं होतं. बॅकअप चालू असताना व्हीएमला एखाद्या ब्लॉकवर लिहायचं असेल तर आधी जुना ब्लॉक बॅकअप सर्व्हरकडे पोचायला लागतो, आणि आमच्या फिरत्या डिस्का नेमक्या तेव्हा हाशहुश करत असायच्या. प्रॉक्समॉक्स व्हीईच्या २०२४ मध्ये आलेल्या ८.२ व्हर्जनपासून फ्लीसिंग म्हणून ऑप्शन आहे, जुना ब्लॉक तात्पुरता होस्टच्याच एसएसडीवर ठेवतो. तो टिक केला, तक्रार बंद. ईआरपी असेल तर हे पहिल्या दिवशीच करा.

हार्ड डिस्कचं दुखणं बाकी ठिकाणीही निघतं. डेटा लाखो छोट्या तुकड्यांत पडलेला, त्यामुळे गार्बेज कलेक्शनला (नको झालेले तुकडे शोधून पुसायला) नऊ तास लागायचे. एसएसडीची जोडी पूलमध्ये स्पेशल डिव्हाइस म्हणून (कुठलं काय कुठे आहे ती माहिती ठेवायला) लावल्यावर पाऊण तासावर आलं (जोडीच लावा, एकच लावली आणि ती गेली तर सगळा पूल गेला). पण रिस्टोअरला तुकडे डिस्कवरूनच गोळा करायला लागतात. २ टीबीचा फाइल सर्व्हर मुद्दाम पूर्ण रिस्टोअर करून बघितला, तीन तास, सेकंदाला १८० एमबी फक्त. लाइव्ह रिस्टोअरने (डेटा परत येत असतानाच व्हीएम चालवणं) व्हीएम लगेच चालू होतो म्हणा, पण त्या वेळात ड्रॉइंग उघडायला लागलात तर देव आठवतो. बॅकअप ५० मिनिटांत होतो हे मीटिंगमध्ये सांगायला छान वाटतं, तिथे कुणी रिस्टोअरचं विचारत नाही, म्हणून मीच स्लाइडवर तीन तास मोठ्या अक्षरात टाकले.

टेपचंही तेच. एलटीओ-८ टेप ड्राइव्हचा पूर्ण वेग सेकंदाला ३६० एमबीपर्यंत, आमचा पूल तेवढं सलग देत नाही; ड्राइव्ह वेग कमी करून थोडं सांभाळून घेतो, पण पूल त्याहूनही खाली गेला की ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, परत सुरू होतो, आवाजावरूनच कळतं. १२ टीबीची टेप पूर्ण वेगाने सव्वानऊ तासात भरायला हवी, आमची चोवीस तास घेते. आठवड्यातून एकदाच असल्यामुळे चालवून घेतोय.

परत घेईन का? घेईन, पण डिस्कऐवजी सगळं एसएसडीवर. कोटेशन दोन महिन्यांपासून साहेबांच्या टेबलवर आहे. तोवर या गुरुवारी परत लाईट जाणार असल्याचा मेसेज आलाय, जनरेटरवाल्याला फोन लावून ठेवतो.