गवार गम पावडर: जेल मस्त होतं, पण पाणी किती धरतं ते मोजूनच बघा

पावडर बारीक आहे, जवळजवळ पांढरी, कच्च्या शेंगेसारखा हलका वास. मी घेतली ती पाणी शोषणारं हायड्रोजेल करून बघायला.

आधी एक सांगते, ही डायरेक्ट पाण्यात टाकू नका. बाहेरून चिकट आणि आत कोरडी अशा गुठळ्या होतात आणि मग कितीही ढवळा, फुटत नाहीत, माझा पहिला घाणा असाच वाया गेला. दुसऱ्या वेळी 1 ग्रॅम पावडर थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवली आणि 100 मिली पाण्यात ढवळत सोडली, एकही गुठळी नाही! ग्लिसरीनमध्येही कालवता येते पण ते वाळल्यावर आतच राहतं आणि वजन चुकतं. मग बोरॅक्सचं पाणी थोडं थोडं घातलं (हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा) आणि बघता बघता सगळं मिळून लवचिक गोळा झाला. गवार गमच्या रेणूंच्या लांब साखळ्या बोरॅक्समधल्या बोरेटने एकमेकींना बांधल्या जातात म्हणून असं होतं, त्यातल्याच एका तुकड्यावर व्हिनेगर टाकलं तर परत पातळ, ते बघताना फार भारी वाटलं.

आता खरी टेस्ट. गोळा पातळ पसरून पूर्ण वाळवला, त्यातले अर्धा ग्रॅम तुकडे रिकाम्या टी-बॅगमध्ये भरून साध्या पाण्यात बुडवले. ओल्या रिकाम्या बॅगचं वजन वजा करायचं, हे विसरलं की आकडा उगाच मोठा दिसतो. तासाभरात 9 ग्रॅम भरलं म्हणून मी खूश, पण दुसऱ्या दिवशी बघते तर 5 आणि बॅग बुळबुळीत. उरलेलं परत वाळवून मोजलं तर जेमतेम 0.3 ग्रॅम, म्हणजे बाकीचं विरघळून गेलं होतं. भरपूर पाणी मिळालं की बोरेट निघून जातं आणि बांध सुटतो. त्यामुळे फक्त फुगलेलं वजन बघून खूश होऊ नका, परत वाळवून मोजा, मला तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कुंडीत हे जेल घालू नका प्लीज, बोरॅक्समधलं बोरॉन जास्त झालं की झाडाची पानं कडेने करपतात.

पावडरला 5 पैकी 4, एक कापला कारण किती दाटपणा येतो त्याची ग्रेड पाकिटावर कुठेच नाही. पुढचा घाणा सायट्रिक ॲसिड घालून ओव्हनमध्ये तापवून करणारे, तो बांध पाण्यात इतक्या सहज सुटत नाही, वजनं इथेच टाकते.