निकालाच्या रात्री पारोळा रोडवरचा ढाबा: फळ्याला पूर्ण मार्क, दहानंतरच्या शेवभाजीला नाही

नाव टाकत नाहीये, मालक आप्पांनीच सांगितलंय, "नाव टाकू नको भो, आधीच भलती गर्दी व्हस." पण धुळ्याहून पारोळ्याकडे निघालात आणि फागणं मागं पडलं की ज्या ढाब्याच्या ओसरीत शाळेतला काळा फळा टांगलेला दिसेल तोच. रिव्ह्यू ४ जून २०२४ चा आहे, म्हणजे लोकसभेच्या निकालाचा दिवस आणि ती अख्खी रात्र. दुपारी जेवायला थांबलो आणि मध्यरात्र उलटल्यावर उठलो, घरून फोनवर फोन. एरवीही येता-जाता इथंच जेवतो, त्यामुळे जेवणाबद्दल जे लिहिलंय ते त्या एका रात्रीवरून नाही.

आधी टीव्हीचं. टीव्ही मोठा आहे, गल्ल्याच्या वर लावलाय, आणि निकालाच्या दिवशी त्याचा आवाज बंद असतो. आप्पांचा नियम आहे. त्यांचं म्हणणं, अँकर बोंबलला की गिऱ्हाईक भाकरी सोडून उठतं आणि मग थंड झाली म्हणून परत पाठवतं. सुरुवातीला मला पण वैताग आला, निकाल बघायला आलोय आणि मूकपट काय दाखवता, पण तासाभरात कळलं की काही म्हणजे काही अडत नाही. सकाळी आठला पोस्टल मतं मोजायला घेतात आणि साडेआठच्या सुमारास मशीन उघडतात, तरी चॅनलवाल्यांकडे नऊच्या आत शेकडो जागांची आघाडी तयार असते. वरून १ तारखेला एक्झिट पोलमध्ये भाजपच्या एनडीए आघाडीला साडेतीनशे, चारशे असे आकडे सांगून बसलेली हीच मंडळी, त्यामुळे संध्याकाळी आघाडीची गाडी तीनशेच्या आत आणि एकट्या भाजपची २४० वर थांबल्यावर स्क्रीनवरचे चेहरे आवाजाशिवाय बघायला जास्त मजा आली हे कबूल करतो.

आता फळा. यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

फळ्यावर आप्पांच्या भाच्यानं खडूनं सहा रकाने पाडले होते. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण. धुळे लोकसभा म्हणजे ही सहा, त्यातली तीन तर नाशिक जिल्ह्यातली, आणि आमच्या धुळे जिल्ह्यातलं शिरपूर नि साक्री जातं नंदुरबार लोकसभेत. हे कागदावर सगळ्यांना माहिती असतं पण निकालाच्या दिवशी कुणाच्या डोक्यात नसतं. हा भाचा तेव्हा नाशिकला इंजिनिअरिंगला होता, सुट्टीला आलेला, कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फेरीनिहाय तक्त्यांचे फोटो येत होते, त्यावरून प्रत्येक रकान्यात कोण किती पुढं ते लिहायचा, आणि खाली एकूण फरक मात्र आयोगाच्या वेबसाइटवरचा, तो दिसल्याशिवाय लिहायचा नाही. आधीचा आकडा पुसायचा नाही, त्यावर बारीक रेघ मारून खाली नवा. त्यामुळे आलेल्या माणसाला एका नजरेत कळायचं की कुठल्या भागात हवा कशी फिरतेय.

टीव्हीवर काय होतं, 'धुळे: अमुक आघाडीवर' एवढीच पट्टी फिरते. तुम्ही खूश होता किंवा डोकं धरून बसता. पण ती आघाडी कुठल्या भागातल्या किती फेऱ्या मोजून झालेली आहे हे माहीत नसेल तर त्या पट्टीला अर्थच नाही, आणि धुळ्यात त्या दिवशी सगळा खेळच त्यात होता. शेजारच्या टेबलवर एक पंचमंडळ होतं, पांढरे कपडे, गाडीवर झेंडा (कुठला ते सोडा), त्यांनी दुपारीच पेढे मागवून ठेवलेले. फळ्यापाशी एक म्हातारे बाबा बसले होते, हातात बिडी, न पेटवलेली, ते एकच वाक्य परत परत: "दम धर भो, मालेगाव बाकी शे." मंडळ हसलं. बाबा फळ्याकडे बोट दाखवून गप्प.

शेवटी झालं काय ते सगळ्यांना माहितीये. भाजपचे डॉ. सुभाष भामरे दोन वेळचे खासदार, संरक्षण राज्यमंत्री राहिलेले, २०१९ ला सव्वादोन लाखांच्या वर फरकानं आलेले. यावेळी सहापैकी पाच भागांत पुढं राहिले, आणि एकट्या मालेगाव मध्यनं काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना एक लाख नव्वद हजारांच्या वर लीड दिलं. सगळं वजा करून बच्छाव आल्या, फरक उरला ३८३१. कोण यायला पाहिजे होतं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी इथं ढाब्याचा रिव्ह्यू लिहितोय, पण हे गणित त्या फळ्यावर रकान्यारकान्यानं उलगडताना बघणं आणि घरी सोफ्यावर पट्टी वाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ३८३१ लिहिल्यावर पोरानं त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि पेढ्यांचा बॉक्स बराच वेळ तसाच टेबलावर, शेवटी आप्पांनीच उचलून फ्रिजमध्ये ठेवला, म्हणे नंतर घेऊन जा, खराब होतील.

फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात जळगाव, रावेर, नंदुरबार. यांचे रकाने नाहीत, फक्त एकूण. हीच एक तक्रार, कारण हा ढाबा अशा जागी आहे की निम्मी गिऱ्हाइकं पारोळा-एरंडोलकडची, म्हणजे जळगाव लोकसभेची. एक शिरपूरवाला तर चिडलाच, "आमनं नंदुरबार कोपरामा काब्र?" म्हणजे कोपऱ्यात का. पोरगा म्हणाला, काका तिथं चुरस नाही. खरं होतं. गोवाल पाडवी दीड लाखाच्या वर पुढं, जळगावला स्मिता वाघ आणि रावेरला रक्षा खडसे दोघी अडीच लाखांच्या वर. ज्या नंदुरबारनं काँग्रेसच्या माणिकराव गावितांना सलग नऊ वेळा निवडून दिलं आणि २०१४ ला भाजपच्या डॉ. हीना गावितांना, तिथं परत काँग्रेस, तर याच्यावर शिरपूरवाल्याला तासभर बोलायचं होतं आणि फळ्यावर जागा चार बोटं. खान्देशाचा हिशोब काँग्रेस दोन, भाजप दोन असा फिटला, त्यामुळे बिल देताना कोणीच फार उड्या मारत नव्हतं आणि कोणी फार रडतही नव्हतं.

जेवण. शेवभाजी हीच मागवा, दुसरं काही शोधत बसू नका. काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री, शेव वेगळ्या वाटीत देतात आणि आपण आपल्या हातानं टाकायची, हे मला फार पटतं, कारण आधीच टाकून आणलेली शेव टेबलावर येईपर्यंत लगदा झालेली असते. शेव जाड, लसणाची, तिखट. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मिळते पण रोज नाही, विचारावं लागतं. ठेचा खरवडलेला, तेल वरून, कांदा बुक्कीनं फोडलेला. भरीत जूनमध्ये मागू नका, आप्पा देतील, पण हिवाळ्यातल्या वांग्याची चव त्याला नाही आणि तुम्ही विनाकारण ढाब्याला नावं ठेवाल. डाळबट्टी फक्त रविवारी.

पण दहानंतर घसरण झाली. गर्दी एवढी की बाजा बाहेर रस्त्याच्या कडेपर्यंत, आणि रस्सा वाढवायला पाणी घातलंय हे पहिल्या घासाला कळतं. तर्री लाल दिसते, खाली मात्र नुसतं गरम पाणी. मी आप्पांना तोंडावर सांगितलं, ते म्हणाले मसाला वाटणारी बाई आठला घरी जाते, मग मी काय करू. उत्तर प्रामाणिक होतं पण भाजीचे पैसे तेवढेच घेतले. भाकरी दहानंतर बंद, मग तंदुरी रोटी, ती पण गार झाली की चिवट.

उकाड्याचं काय लिहू, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं खान्देश ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. कूलर दोन आहेत, एक नुसता आवाज करतो. रात्री लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर आप्पांनी पंखे बंद करून टीव्ही चालू ठेवला आणि त्यावर मतदान घ्यायची वेळ आली होती. बहुमत पंख्याच्या बाजूनं. फळ्याला लाईट लागत नाही, मोबाईलची बॅटरी मारली की झालं, त्यामुळे पंखा जिंकला.

रात्रीचा खरा रंग मात्र बीडनं आणला. देशातले जवळपास सगळे निकाल लागून गेले, कुणाला किती खासदार याची बेरीज झाली, एक पोरगं तर सेन्सेक्स चार हजारांच्या वर पडला म्हणून आपली म्युच्युअल फंडाची एसआयपी बघून बाहेर जाऊन बसलं होतं, आणि बीड काही सुटेना. आमचा बीडशी संबंध काय, काही नाही, पण फळ्यावर नवीन ओळ आली 'बीड' आणि सगळी बाज तिकडं वळली. पंकजा मुंडे की बजरंग सोनवणे. एवढा वेळ का लागतो म्हणून कोणी तरी आयोगाला शिव्या घालायला लागला तर त्या भाच्यानं नीट समजावून सांगितलं. साधारण चौदा टेबलं असतात, चौदा मशीन मोजली की एक फेरी, प्रत्येक फेरीचा आकडा अधिकाऱ्यानं सही करून दिल्यावरच वेबसाइटवर चढतो, म्हणून वेबसाइट टीव्हीच्या मागं असते. आणि शेवटी प्रत्येक विधानसभा भागातल्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर पावती छापणाऱ्या यंत्रांच्या, पावत्या हातानं मोजून मशीनशी जुळवायच्या असतात. त्यात फरक कमी असला की हरणारा फेरमोजणी मागणारच. मुंबई उत्तर पश्चिमला त्याच दिवशी ४८ मतांवर निकाल लागला होता, रवींद्र वायकरांचा, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. बीड सोनवणेंना गेलं, ६५५३ नं.

तेवढ्या वेळात बिडीवाले बाबा खुलले. १९७७ चा मार्च त्यांनी अमळनेरला रेडिओपाशी बसून काढलेला. तेव्हा कागदाच्या मतपत्रिका, मोजणी रात्र-रात्र चालायची, आणि रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिरा गांधींना पाडल्याचं कळलं तेव्हा म्हणे गल्लीत निम्म्या लोकांचा विश्वासच बसेना, रेडिओच बिघडला असंल म्हणाले. बाबा कुठल्या बाजूचे होते ते आम्ही विचारलं, त्यांनी चहा मागवला.

चहावरून आठवलं, चहा चांगला नाही. साखर पाक होईल एवढी. ताक प्या.

सर्व्हिस एरवी ठीक, निकालाच्या दिवशी स्वतः उठून पाणी घ्यायचं ही तयारी ठेवा. बाथरूम मागं आहे, दिवसा चालून जाईल, रात्री बायका-पोरांना घेऊन असाल तर पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा. ऑनलाइन पेमेंट तिथं धड चालत नाही, रेंज येते जाते, माझं एकदा कट झालं आणि त्यांना गेलं नाही, आप्पांनी वहीत नाव लिहून जाऊ दिलं, पैसे परत आल्यावर नेऊन दिले. शेवभाजी नि भाकरी मिळून दोघांचं तेव्हा तीनशे-साडेतीनशेत व्हायचं. रोख न्या.

माझे मार्क: फळा पाचपैकी पाच, आठच्या आतली शेवभाजी साडेचार, दहानंतरची अडीच, चहा एक. पुढच्या मोजणीला जाणार असाल तर दुपारी चारच्या आत पोचा, ओसरीतली डावीकडची बाज धरा, तिथून फळा पण दिसतो आणि चालणारा कूलर पण त्याच बाजूला आहे. आणि पेढे घरून नेऊ नका, आप्पांच्या फ्रिजमध्ये जागा नाही.