कॅमेरा तेरा हजाराचा आणि कोयंडा पाऊण इंची स्क्रूवर

मे महिन्यात आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत एक घर फुटलं. माणसं तीन दिवस लग्नाला गेलेली, दूधवाल्याला नको म्हणून सांगितलेलं पण पेपरवाल्याला सांगायचं विसरले, तिन्ही दिवसांचे पेपर उंबऱ्यावर तसेच. आणि गंमत बघा, कुलूप एकदम शाबूत, कडीला लटकलेलं, कोयंडाच चौकटीतून उपटून खाली पडलेला. मग काय, गल्लीत कॅमेऱ्याची साथच आली, त्यात मीपण सापडलो.

दोन कॅमेरे २ मेगापिक्सेलचे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), १ टीबीची हार्ड डिस्क, वायरिंग फिटिंग सगळं धरून १३,५०० रुपये. दुकानाचं नाव घेत नाही, मालक माणूस चांगला आहे पण फिटिंगला पाठवलेला पोरगा लईच घाईत. त्यानं कॅमेरा बारा फुटावर ठोकला, उंच असला की कुणाचा हात लागत नाही म्हणाला. संध्याकाळी मामा आले, मोबाईलवर बघतोय तर मामांचं टक्कल एकदम क्लिअर, तोंड कुठंच नाही. परत बोलावून आठ फुटावर घ्यायला लावला तेव्हा कुठं चेहरे दिसायला लागले. डीव्हीआर टीव्हीच्या शेजारी ठेवून गेलेला, "जोडायला सोपं पडतं ओ". चोराला उचलायलापण सोपंच की! तो आता माळ्यावर जुन्या हंड्यांच्या मागं आहे.

खरा ताप पावसाळ्यात. रात्रीच्या चित्रासाठी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड एलईडी असतात, तिथं किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि ते जाळं लेन्ससमोर हललं की आमच्या मोबाईलवर टुंग. रात्री दीडला टुंग, पावणेदोनला टुंग. चौथ्या दिवशी मी नोटिफिकेशनच बंद केलं, म्हणजे अलर्टचे पैसे पाण्यात. आता दर आठवड्याला झाडूनं जाळं काढतोय. शिवाय लाईट गेली की डीव्हीआर आणि वायफाय दोन्ही आडवे, हेस्कॉमच्या (आमच्या वीज कंपनीच्या) भरवशावर पहारा ठेवायचा म्हणजे अवघडच, तेव्हा छोटा यूपीएस धरूनच बजेट काढा. आणखी एक, एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला एसटीक्यूसी (केंद्र सरकारची दर्जा तपासणारी संस्था) तपासणीची सरकारी अट आलीय, स्वस्तात देतो म्हणून कुणी जुना माल गळ्यात मारायला लागला तर मॉडेल नंबर घेऊन आधी खात्री करा. आणि पासवर्ड फिटिंगवाल्यानं ठेवलेला असतो तो त्याच दिवशी बदला, माझा एक ते आठ आकडे असा होता.

कॅमेऱ्याला अडीच स्टार. चोरी झाल्यावर बघायला उपयोगी, दार काय तो धरून ठेवत नाही.

दार धरून ठेवायचं काम केलं उद्यमबागच्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रीनं. खिडकीचं माप घ्यायला आलेला, जाताना दाराकडं बघून थांबला. "साहेब, रागावू नका हं," म्हणाला आणि पिशवीतली पहार कोयंड्यात घालून नुसतं खाली दाबलं. कर्र आवाज झाला आणि कोयंडा हातात. स्क्रू बघितले तर पाऊण इंचाचे, चौकटीचं लाकूड आतून भुसा झालेलं. मी नुसता बघत राहिलो. तेरा हजाराचा कॅमेरा वरून हे सगळं रेकॉर्ड करत होता!

त्यानं चौकटीचा कुजका भाग काढून नवीन सागवानी तुकडा बसवला, कोयंडा जाड घेतला आणि आरपार बोल्ट मारून आतल्या बाजूला पट्टी ठेवून नट आवळले. मजुरी सामान धरून १,४०० रुपये. पाच स्टार, आणि एक वरून. सोबत बाहेरचं लटकतं कुलूप काढून गोदरेजचं दारात बसणारं घेतलं (ही कंपनी १८९७ साली सुरूच झाली कुलपांवर, त्यामुळं बाबांचा त्यांच्यावर देवाएवढा विश्वास). त्याचा मोठा फायदा असा की घरात माणूस आहे का नाही ते रस्त्यावरून कळत नाही, लटकतं कुलूप म्हणजे घरी कुणी नाही अशी पाटीच.

राहिलं परसदार. आमचं घर जुनं, तिथं अडसर (दाराला आतून घालायचा आडवा दांडा) असायचा हे आठवत होतं, तो कुठं गेला म्हणून सगळीकडं हुडकतोय तर आई म्हणते, "काय शोधूलास रे?" सांगितल्यावर तिनं मागं बोट दाखवलं, सहा वर्षं त्याच्यावर कपडे वाळत होते. भिंतीतली एक खोबण रंगकामाच्या वेळी गवंड्यानं बुजवून टाकलेली, छिन्नीनं फोडून काढली. आता आतून अडसर घालायचा आणि पुढच्या दारानं बाहेर पडायचं, खर्च शून्य.

सेन्सर बल्ब ३५० ला घेतला, ठीक आहे, अंगाच्या उष्णतेवर चालतो त्यामुळं मांजर आलं तरी पेटतो. पण मांजरासाठी जरी पेटला तरी परसात उजेड पडतोच, माझी तक्रार नाही.

गावाला जाताना मात्र शेजारच्या काकूंना सांगून जातो. त्या पेपर उचलतात आणि सकाळी आमच्यापण दारात सडा घालून दोन बोटं रांगोळी ओढतात, सडा नसलेलं दार गल्लीत लगेच डोळ्यावर येतं ना. बदल्यात येताना कुंदा, अर्धा किलो.

मागच्या खिडकीचे गज अजून व्हायचेत. मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन "सोमवारी येतो" म्हणून गेलाय, कुठल्या सोमवारी ते विचारायचं राहिलं.