कोरोनात आमच्या ग्रामपंचायतीचा भोंगा: ५ पैकी ५

औसा तालुक्यातलं आमचं गाव. मार्च २०२० ला एसटी थांबली, पेपरही येईना. मग मारुतीच्या देवळावरचा भोंगाच आमचा बातमीदार. सकाळी सातला कोतवाल मामा सांगायचे, रेशनचा मोफत तांदूळ, माणशी ५ किलो, आज कोणत्या गल्लीला. २०२१ ला कोव्हिशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर ८४ दिवसांवर गेलं, तेही तीनदा समजावलं. माझ्या आईची उपकेंद्राची खेप वाचली. मोबाइल नसलेल्या म्हाताऱ्यांना लई आधार! खोट एकच, शेतातल्या वस्तीवर आवाज पोचत नाही. तिथं आशाताई पायी जाऊन सांगायच्या. मयताची बातमी देताना मामांचा गळा दाटायचा. अख्खी गल्ली दारात उभी राहून ऐकायची.