दोनदा पैसे घेतले, दुसऱ्यांदा चाक काढलंच नाही

एका सायकल दुकानदाराने माझ्याकडून एकाच कामाचे दोनदा पैसे घेतले आणि दुसऱ्यांदा ते काम केलंच नाही, हे मी सिद्ध करू शकले. पहिल्यांदाही केलं नसावं अशी माझी खात्री आहे, पण त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पहिलं बिल ८५ युरोंचं, दुसरं ९५चं. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. जानेवारीतल्या एका थंडगार सकाळी, चार वर्षांची लेक मागच्या सीटवर असताना, सिग्नल सुटल्यावर मी पॅडलवर जोर दिला आणि पॅडल रिकामंच फिरलं. सायकल कलंडली, माझा गुडघा फुटला. लेक सीटच्या पट्ट्यात होती म्हणून वाचली. मागून मोटार येत नव्हती, एवढंच नशीब.

आम्ही आम्स्टेलवीनला राहतो. नेदरलँड्सला आलेली आपली बहुतेक मंडळी पहिल्या एक-दोन महिन्यांत सायकल घेतात, तीही जुनी. त्यातल्या कितीतरी सायकलींचे गिअर मागच्या चाकाच्या हबच्या, म्हणजे मधल्या जाड डब्याच्या, आत असतात. हा प्रकार आपल्याकडे फारसा पाहायला मिळत नाही, म्हणून थोडं सांगते. गिअरची सायकल म्हटली की मागच्या चाकाला लहानमोठ्या दात्यांच्या चक्रांची उतरंड आपल्या डोळ्यासमोर येते. हबगिअरच्या सायकलीला बाहेरून एकच चक्र दिसतं. हबमध्ये एक स्थिर दातेरी चाक असतं, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं असतात आणि त्या सगळ्यांना बाहेरून वेढणारं दातेरी कडं असतं. माझ्या सायकलीला शिमानो कंपनीचं आठ गिअरचं नेक्सस हब आहे. त्यात पाचव्या गिअरला चक्राची एक फेरी म्हणजे चाकाचीही एकच फेरी. पहिल्या गिअरला चाक जेमतेम अर्धी फेरी घेतं, आठव्याला दीडपटीहून जास्त. पाऊस, वाळू, रस्त्यावर टाकलेलं मीठ यांपासून ते सगळं झाकलेलं राहतं. पण झाकलेलं असल्यामुळेच आत काय झालं आणि काय नाही, हे सायकलच्या मालकाला कधीच दिसत नाही.

माझं लहानपण मिरजेत गेलं. वर्षातून एकदा बाबांची सायकल ओव्हरहॉलिंगला जायची आणि मीही बरोबर जायचे. दुकानातले काका चाक खोलून छर्रे रॉकेलच्या थाळीत टाकायचे, झिजलेले वेगळे काढून माझ्या तळहातावर ठेवायचे, छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनाला ग्रीस भरून नवे छर्रे एकेक करून बसवायचे. आम्ही बाकड्यावर बसून सगळं बघत असायचो. त्यामुळे सायकलचं काम डोळ्यांआड होऊ शकतं, ही कल्पनाच मला नव्हती. इथे सायकल काउंटरवर द्यायची, ती मागच्या खोलीत जाते आणि संध्याकाळी फोन येतो.

सायकल जुनी घेतलेली, आधीचा इतिहास माहीत नाही, म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये मी ती हबच्या सर्व्हिसला दिली. कंपनीच्या सूचनेप्रमाणे या हबचं आतलं वंगण पहिल्या १,००० किलोमीटरनंतर आणि पुढे दर दोन वर्षांनी किंवा ५,००० किलोमीटरनंतर बघायचं असतं. दुकानदाराने मान डोलावली, दुसऱ्या दिवशी सायकल अशी चकचकीत करून दिली की मला ओळखू येईना. बिलावर दोनच शब्द होते, हबची देखभाल. मी समाधानाने पैसे दिले.

पुढच्या उन्हाळ्यात मागचं टायर फाटलं. नवरा आणि मी घरीच चाक काढून ते बदललं. पूर्ण चेनकव्हर आणि हबला जोडलेला रोलर ब्रेक असल्यामुळे त्यात आमची अख्खी दुपार गेली. चाक आम्ही पहिल्यांदाच बसवत होतो, नट पुढे सैल झाले तर कळावं म्हणून मी दोन्ही बाजूंना नटावरून खाली फ्रेमपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली. दुकानदाराला पकडण्याचा विचार तेव्हा मनातही नव्हता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गिअर घसरायला लागले. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना मध्येच कटकट व्हायची. पुन्हा त्याच दुकानात गेले. "हब उघडून तेलात बुडवून देतो," असं तो स्वतः म्हणाला. पन्नास मिनिटांत फोन आला, सायकल तयार. पुन्हा चकचकीत. ९५ युरो. कटकट थोडी कमी झाली आणि दोन आठवड्यांत परत आली. मग जानेवारीत ती पडझड झाली. मी सायकल ढकलत दुकानात नेली. त्याने चाक एकदा हाताने फिरवलं आणि सांगितलं, हब संपलं, अख्खं मागचं चाक बदलावं लागेल, ३८० युरो.

तेव्हा मी जवळजवळ हो म्हणणार होते. एका शेजारणीने आधी रिपेअर कॅफेत दाखवून आण म्हणून सुचवलं. हे रिपेअर कॅफे २००९ मध्ये आम्स्टरडॅममध्ये सुरू झाले आणि आता गावोगावी भरतात. जाणकार लोक तिथे मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून देतात, तुम्ही शेजारी बसून बघायचं असतं. मला भेटलेले आजोबा सत्तरीच्या पुढचे होते. त्यांनी चाकाला हात लावण्याआधी मला गिअर चौथ्यावरून पहिल्यावर आणि परत चौथ्यावर टाकायला सांगितला आणि हबजवळ, केबल जिथे जोडलेली असते, तिथली छोटी खिडकी दाखवली. त्यात दोन पिवळ्या रेघा असतात. चौथ्या गिअरला त्या एका ओळीत यायला हव्यात. माझ्या चक्क एका रेघेच्या जाडीने सरकल्या होत्या. हँडलजवळचा केबलचा छोटा स्क्रू फिरवून त्यांनी त्या जुळवल्या. तिसऱ्या-चौथ्यामधली कटकट तिथेच थांबली. दोन मिनिटांचं काम. ऑक्टोबरमध्ये दुकानदाराने एवढं जरी पाहिलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता.

मग ते नटाकडे वळले आणि थबकले.

"ही लाल रेघ कोणी काढली? कधी?"

मी सांगितलं, जुलैत.

"आणि सर्व्हिस?"

ऑक्टोबरमध्ये.

त्यांनी मला खाली वाकून बघायला लावलं. दोन्ही बाजूंच्या रेघा नटावरून फ्रेमवर अखंड उतरत होत्या, कुठेही तडा नाही. या हबचा आतला संच बाहेर काढायचा तर चाक काढावंच लागतं, आणि नट न फिरवता चाक निघत नाही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये माझं हब कोणी उघडलंच नव्हतं. मी त्या दोन रेघांचे फोटो काढले तेव्हा माझे हात थरथरत होते.

आजोबांनी माझ्यासमोर हब खोललं. आतला संच बाहेर आला तो दुधाच्या चहासारख्या रंगाच्या ग्रीसने माखलेला. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की असं होतं. त्यांनी विचारलं, सायकल धुता कशाने? मी कधीच धूत नाही, पण दुकानाच्या मागच्या अंगणात जोराच्या धारेचं पाण्याचं यंत्र पाहिल्याचं मला आठवलं. ती धार हबच्या कडेच्या रबरी सीलमधून पाणी आत ढकलते, म्हणून कंपनीही तसं धुऊ नका असं सांगते. म्हणजे काम झाल्याचं भासवायला दिलेली ती चकाकीच माझ्या हबमध्ये पाणी घालत होती. जाडसर झालेलं, पाणी धरलेलं ग्रीस थंडीत आणखी घट्ट झालं आणि फ्रीव्हीलमध्ये असतात तशा आतल्या खिट्ट्या वेळेवर उघडल्या नाहीत. म्हणून पॅडल रिकामं गेलं.

हब संपलेलं नव्हतं. उजव्या बाजूला छर्रे फिरतात त्या पृष्ठभागावर थोडे खड्डे पडले होते, ते भरून येणार नाहीत, पण दातेरी चाकं धडधाकट होती. पुसून स्वच्छ करून संच तेलात ९० सेकंद बुडवला, बाहेर काढून ६० सेकंद निथळू दिला, छर्ऱ्यांना नवं ग्रीस लावलं. चेनकव्हर आणि ब्रेकसकट सगळं काम दीड तासावर गेलं, तेही इतक्या सरावलेल्या हातांनी. पन्नास मिनिटांचा फोन मला पुन्हा आठवला.

दुकानदाराकडे फोटो घेऊन गेले तर तो म्हणाला, आम्ही चाक न काढता बाहेरूनच तेल सोडतो. हे उत्तर नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहिती असलेला माणूस त्याला फसेल. काही हबना तसं तेल खरंच घालता येतं. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरच्या जुन्या तीन गिअरच्या हबवर, १९३६ पासूनच्या प्रसिद्ध एडब्ल्यू मॉडेलवरसुद्धा, तेलासाठी छोटंसं झाकण असायचं. ते उघडून काही थेंब सोडले की झालं. जर्मनीच्या रोलॉफच्या चौदा गिअरच्या हबला स्क्रू असतो, त्यातून दर ५,००० किलोमीटरनंतर किंवा वर्षातून एकदा जुनं तेल काढून नवं भरतात. माझ्या हबला असं भोकच नाही. मी त्याला सायकल फिरवून दाखवली आणि म्हटलं, तेल कुठून घातलंत ते बोट ठेवून दाखवा. तो गप्प बसला. मग ५० युरोंचं कूपन देऊ केलं, मी घेतलं नाही. फोटो, दोन्ही बिलं आणि त्याचं "तेलात बुडवून देतो" हे वाक्य तारखेसह रजिस्टर पत्राने पाठवलं. तीन आठवड्यांनी ९५ युरो खात्यात आले. ८५ आले नाहीत, कारण २०२१ मध्ये माझ्याकडे रेघ नव्हती.

आता कुणी ओळखीचं माझ्यासारख्या हबगिअरची सायकल दुकानात देणार असेल तर मी एवढंच सांगते. आधी दोन्ही नटांवरून फ्रेमपर्यंत रेघ ओढा आणि तारखेसकट फोटो काढा. फोटोत नटाखालचे रंगीत वायसरही येऊ द्या. त्यांच्यावर डाव्या-उजव्याची अक्षरं असतात आणि प्रत्येक बाजूचा रंग ठरलेला असतो, परत बसवताना ते बदलले तर लगेच कळतं. काउंटरवर विचारा, आतला संच बाहेर काढणार का, आणि हो म्हटलं तर तेच शब्द बिलावर लिहून घ्या. "हबची देखभाल" एवढ्यावर सही करू नका, मी केली होती. पाण्याच्या यंत्राने धुऊ नका, हेही तोंडाने सांगा. हब संपलं असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी चौथ्या गिअरवर त्या पिवळ्या रेघा बघा, आणि चाक बदललंच तर जुनं मागून घ्या, ते तुमचं आहे.

माझी सायकल अजून चालते. उजव्या बाजूच्या खड्ड्यांमुळे चढाच्या पुलावर थोडी घरघरते, आणि ती घरघर ऐकली की मी मागे हात नेऊन लेकीचा पट्टा चाचपून बघते. तेलाचा डबा मी आणून ठेवला आहे. पुढच्या वेळी हब घरीच उघडायचं ठरलंय, आजोबा मदतीला येतो म्हणालेत.